कलम पाच (क)

कारेगावात माझ्या मावसभावाच्या आठ खोल्या आहेत. रांजणगावची एमआयडीसी आली तशी पुणे-नगर रस्त्याच्या त्या पट्ट्यात ज्याच्याकडे रस्त्याजवळ चार गुंठे होते त्याने शेतीबरोबर खोल्याही पिकवायला सुरुवात केली. भाडेकरू लातूरचे, बीडचे, यवतमाळचे. अलीकडे गोरखपूर, बस्ती, सिवानकडचेही. प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद लावलेला असतो, लॅमिनेशन केलेला. भावाकडचा कागद पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावातल्याच एका डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये करून दिला होता. वर महागणपती प्रसन्न, खाली आठ नियम. प्रत्येक नियमाला ठळक मथळा, मथळ्याच्या आधी आकडा, आणि आकड्याच्याही आधी एक काळा गोळा.

लॅमिनेशनमध्ये पाणी गेलं, दुकान बंद पडलं, फाइल कुठेच नव्हती. मी पुण्यात बरीच वर्षं मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी केली असल्यामुळे नवा कागद करायचं काम माझ्याकडे आलं.

"ताई, हाय तसाच पायजे. गोळा बी पायजे अन् आकडा बी."

"दोन्ही कशाला? एक काहीतरी ठेव."

"नुसता आकडा दिला की बिलावानी दिसतंय. नुसता गोळा दिला की कुणी मनावर घेत नाही."

मी हसले. आमच्या धंद्यात हे अडाणीपणाचं लक्षण मानतात. गोळा, म्हणजे बुलेट, सांगते की या मुद्द्यांचा क्रम महत्त्वाचा नाही. आकडा सांगतो की क्रम आहे, आणि उद्या कुणाला या मुद्द्याकडे बोट दाखवायचं असेल तर हे त्याचं नाव. म्हणून सॉफ्टवेअरमध्येही बुलेट किंवा नंबर, यांपैकी एकच निवडायची सोय असते. पण भावाला लक्ष वेधून घेणारं एक चिन्ह हवं होतं आणि बोट दाखवण्यासाठी एक नाव हवं होतं. ही दोन कामं वेगळी आहेत हे त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. त्या कागदात पुढे जी चूक झाली ती गोळ्यात नव्हती, आकड्यातही नव्हती. ती अक्षरात होती आणि माझी होती. ती सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे आकडा मजकुराच्या आधी येतो ही गोष्ट तशी नवीन आहे. पोथी उघडून पाहा. ओवीचा क्रमांक ओवी संपल्यावर येतो, दोन दंडांच्या मध्ये. अभंगाच्या कडव्यालाही तसंच. अध्यायाचं नावदेखील अध्याय संपल्यावर कळतं: इति अमुक ग्रंथे अमुक अध्याय समाप्त. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. ऐकताना 'हे तिसरं' असं आधी सांगून उपयोग नसतो. ऐकून झाल्यावर 'हे तिसरं झालं' असं म्हणून खुंटी मारायची असते. मोजणी मागून येते.

लक्ष वेधायची सोयही तिथे होती. पोथी लिहिणारे दंडांवर, आकड्यांवर, अध्यायसमाप्तीच्या ओळींवर गेरू फासायचे. आजच्या ठळक मथळ्याचं काम तो लाल पट्टा करायचा. शेवटी जागा उरली की 'छ' लिहून दोन्हीकडे दंड द्यायचे, किंवा एखादं फूल काढायचे. त्या समाप्तीच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. युरोपातल्या छापखान्यांत परिच्छेदापाशी टाकायच्या नक्षीच्या खिळ्यालाही फुलावरूनच नाव आहे, फ्लूरॉन. आजच्या बुलेटच्या नातलगांत ते फूल निश्चित बसतं. कारेगावचा काळा गोळा असा दोन्हीकडून फुलाच्या कुळीतला निघतो. ('छ'चं आणखी एक काम होतं. मराठेशाहीतल्या पत्रांत तारखेआधी तो येतो, तिथे तो 'चंद्र' या शब्दासाठी असतो. एकच अक्षर एका कागदात तारीख सांगतं आणि दुसऱ्यात मजकूर संपल्याचं. अक्षरांना हे नवीन नाही.)

पेशवाईतले करार, ताकीदपत्रं, तहनामे पाहिले की आणखी एक गंमत दिसते. 'कलम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ बोरू, लेखणी. लेखणी एकदा उचलून टेकेपर्यंत जे लिहिलं गेलं ते कलम, असं मी माझ्यापुरतं समजते. व्युत्पत्तीच्या पंडितांनी रागावू नये. अनेक कागदांत प्रत्येक मुद्दा संपला की त्याच्या शेवटी 'कलम १' असं लिहिलेलं असतं. पुढच्या मुद्द्याच्या शेवटीही 'कलम १'. त्याच्या पुढच्याही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, कारकुनाला डुलकी लागली. पण तो 'पहिलं कलम' म्हणत नसतो, 'कलम, नग एक' म्हणत असतो. तळाशी बेरीज येते: येणेप्रमाणे कलमें इतकी. हा जमाखर्चातला आकडा आहे. ज्या हाताने धान्याच्या खंड्या आणि घोडी मोजली त्याच हाताने अटी मोजल्या. मध्ये कुणी एखादी अट घुसडली किंवा गाळली तर बेरीज चुकेल, हे त्या आकड्याचं काम. 'कलम चार पाहा' असं म्हणायची सोय त्यात नाही.

बोट दाखवायची गरज दुसऱ्या बाजूला होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला बाजीराव आणि इंग्रज यांच्यात तह झाला त्यात एकोणीस कलमं होती, आणि इंग्रजी मसुद्यात प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा अनुक्रम होता. पुढे भांडण झालं तर 'अमुक कलमाप्रमाणे' असं लिहिता यावं म्हणून. सोळा वर्षांत सगळी भांडणं संपली. मोजणीचा आकडा गेला, अनुक्रमाचा आकडा राहिला. कायदा छापील झाला आणि मराठीत कलम म्हणजे समोर आकडा असलेलं काहीतरी, असा अर्थ पक्का बसला. इतका की आकड्यांचे शब्द झाले. शेतकरी 'सातबारा' काढतो तेव्हा तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन तक्ते काढतो. तलाठ्याच्या एकवीस नमुन्यांपैकी या दोघांनाच असं भाग्य लाभलं. 'चारसोबीस' तर कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडून शिवी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पण कुणाला तीनशे अठरा म्हणून शिवी दिलेली मी अजून ऐकलेली नाही.

आता अक्षरं. आकड्यांची रांग भरली की मध्ये नवं कलम कसं घालायचं? इंग्रजांनी त्यावर काढलेला उपाय असा की १२४ आणि १२५ यांच्या मध्ये १२४-ए घालायचं. दंडविधान १८६० चं, राजद्रोहाचं हे कलम त्यात घातलं गेलं १८७० मध्ये. याच कलमाखाली टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली खटले चालले. मराठी माणूस त्याला '१२४ अ' म्हणतो. 'ए'ला 'अ'. मग 'बी'ला 'ब', 'सी'ला 'क', 'डी'ला 'ड'.

अ, ब, क, ड. ही आपली वर्णमाला नाही. आपल्या वर्णमालेत अ नंतर आ येतो आणि क नंतर ख. ही इंग्रजी वर्णमालेची रांग आहे, फक्त कपडे देवनागरीचे. पण ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की भूमितीत त्रिकोण 'अबक' असायचा, गणितात अ आणि ब मिळून एक काम बारा दिवसांत करायचे, आणि गोष्टीत नाव न सांगायचा माणूस 'क्ष' होता तरी त्याचे मित्र अ आणि ब असत. शाळेत तुकड्या अ, ब, क, ड. सरकारी नोकरीत गट अ, ब, क, ड. महापालिकेच्या बहुसदस्य प्रभागांत जागा अ, ब, क, ड.

हिंदीवाल्यांनी हीच उसनवारी केली, पण वेगळ्या कानाने. त्यांच्याकडे रांग अ, ब, स, द अशी जाते. त्यांनी 'सी' हे अक्षराचं नाव ऐकलं आणि स लिहिला. आपण 'कॅट'मधला उच्चार ऐकला असावा आणि क लिहिला. त्यांचा 'डी' दंत्य झाला, आपला मूर्धन्य राहिला. आपली रांगही 'इ, फ, ग'पर्यंत कशीबशी रेटता येते. पुढे 'एच'ला ह आणि 'आय'ला पुन्हा इ की आय, इथे ती अडखळते. म्हणून मराठी कागदांत सहसा सातव्या-आठव्या पोटकलमाच्या आधीच गाडी थांबवतात किंवा रोमन आकड्यांवर उडी मारतात.

राज्यघटनेचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी ही अडखळ टाळली. त्यांनी व्यंजनांची रांग घेतली: क, ख, ग, घ. तर्काला धरून तेच योग्य आहे आणि त्याला परंपराही आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आसपास अक्षरांनी संख्या लिहिल्या त्यात क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं म म्हणजे पंचवीसपर्यंत. कटपयादी पद्धतीतही क म्हणजे एकच. तेव्हा इंग्रजीतलं 'ए' पोटकलम अधिकृत मराठीत 'क' झालं.

आणि इथेच घोटाळा आहे. बालभारतीचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांत मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात: भाग ४ क, अनुच्छेद ५१ क. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ५१ नंतर जोडलेला हा पहिला अनुच्छेद, इंग्रजीत ५१-ए. म्हणजे इथे क म्हणजे पहिला. तेच पुस्तक ज्या मुलाच्या दप्तरात आहे तो बसतो पाचवी क मध्ये, आणि तिथे क म्हणजे तिसरी तुकडी. एकाच दप्तरात एकच अक्षर एकदा पहिलं आहे आणि एकदा तिसरं. दोन्ही छापील, दोन्ही शासनमान्य. मुलं गोंधळत नाहीत कारण कर्तव्यांचं पान कुणी वाचत नाही, असं एक शिक्षिका मैत्रीण म्हणते.

मोठी माणसं मात्र गोंधळतात आणि तिथे पैसे, नोकऱ्या, जागा पणाला असतात. वर्तमानपत्रात हुंड्याच्या छळाचं कलम '४९८ अ', अधिकृत भाषांतरात '४९८ क'. आपल्याकडे 'गट क'ची भरती निघते तेव्हा तीच पायरी उत्तर प्रदेशात 'समूह ग' म्हणून निघते. महाराष्ट्रात विमुक्त जातींना अ आणि भटक्या जमातींना ब, क, ड अशी अक्षरं दिली आहेत; भटक्या जमाती (क), म्हणजे धनगर समाज, यांना साडेतीन टक्के, (ड)ला दोन टक्के. हे 'क' कुठल्या रांगेतलं आहे ते शिरूर-दौंड पट्ट्यातल्या ज्या घरात जातीचा दाखला काढलेला आहे तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण रांग माहीत असणं हा त्या अक्षराचा गुण नाही, वाचणाऱ्याचा आहे. नुसत्या कंसातल्या 'क'वरून सांगता येत नाही की हा पहिला आहे की तिसरा. शेजारी अ आणि ब दिसत असले तर कळतं. शेजारी कुणी नसलं, म्हणजे फक्त 'नियम ५ (क) पाहा' एवढंच असलं, की अर्थ लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतो.

छपाईच्या खिळ्यांच्या काळात याचं यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. जुळारी हाताने खिळा उचलायचा. मसुद्यात 'अ' असेल तर अ, 'क' असेल तर क. क्रम लावायची जबाबदारी माणसाची. संगणक आला तेव्हा ती जबाबदारी पहिल्यांदा यंत्राकडे गेली, आणि ते यंत्र मराठी शिकलेलं नव्हतं.

डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्द आणि पेजमेकर हे सॉफ्टवेअर दोन्ही पॉल ब्रेनर्डच्या आल्डस कंपनीचं. १९८५ साली ते मॅकिन्टॉशवर आलं. कंपनीला नाव दिलं होतं व्हेनिसच्या पंधराव्या शतकातल्या मुद्रकाचं, आल्डस मनुशियसचं. १९९४ मध्ये ॲडोबीने ती कंपनी घेतली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती या शतकाच्या अगदी सुरुवातीची. त्यानंतर ॲडोबीने सगळा भार १९९९ साली काढलेल्या इनडिझाइनवर टाकला. आपल्याकडच्या लग्नपत्रिका, कार्यअहवाल, निवडणुकीची पत्रकं यांनी मात्र ही बातमी ऐकलीच नाही. पेजमेकर पुढे कितीतरी वर्षं गल्लीगल्लीत चालू राहिला, बऱ्याचदा एखाद्या जुन्या विंडोज एक्सपीवर, ज्याला मालक इंटरनेट जोडू देत नसे.

कारण फॉन्ट. पेजमेकरला देवनागरी येत नव्हती. त्याला फक्त २५६ खणांची एक पेटी माहीत होती आणि प्रत्येक खणात एक इंग्रजी अक्षर आहे असा त्याचा समज होता. श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलरची, आकृती बंगळुरूची, आणि सी-डॅकचे फॉन्ट, तेही पुण्याचेच. या सगळ्यांनी त्या खणांतली इंग्रजी अक्षरं काढून मराठी अक्षरांचे तुकडे भरले. काना एका खणात, अर्धा स दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. सॉफ्टवेअरला वाटायचं आपण निरर्थक इंग्रजी छापतो आहोत. कागदावर मराठी उमटायचं. पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्रातली पुस्तकं या गैरसमजावर निघाली. कुणाची कुठल्या खणात कुठला तुकडा भरायचा यावर एकवाक्यता नव्हती, त्यामुळे एका फॉन्टमधली फाइल दुसऱ्यात उघडली की भुताटकी.

या गैरसमजात क्रमांकांचं काय व्हायचं ते मला फार आवडतं. पेजमेकरमध्ये 'बुलेट्स अँड नंबरिंग' नावाचं एक जोडकाम होतं. परिच्छेद निवडा, आज्ञा द्या, तो प्रत्येकाच्या आधी १, २, ३ टाकत जाईल. तो टाकायचा इंग्रजी आकडे. पण मराठी फॉन्टवाल्यांनी आकड्यांच्या खणात देवनागरी आकडेच ठेवले होते. त्यामुळे यंत्राने इंग्रजी एक टाकला आणि कागदावर मराठी १ आला. यंत्राला मराठी येत नसताना मराठी क्रमांक बिनचूक यायचे.

पण त्याच खिडकीत एबीसीचा पर्याय निवडला तर? 'ए'च्या खणात एखादी वेलांटी, 'बी'च्या खणात अर्धा श, 'सी'च्या खणात आणखी काही. कागदावर उमटायचा तो एखाद्या शापासारखा दिसायचा. म्हणून प्रत्येक ऑपरेटर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकायचा: आकडे यंत्राकडून घ्यावेत, अक्षरं हाताने टाकावीत. (अ), टॅब, मजकूर. (ब), टॅब, मजकूर. आज वाटतं, त्या सक्तीच्या हातकामाने बरंच काही वाचवलं.

बुलेटचं दुखणं वेगळं. विंडोजच्या तक्त्यात काळा गोळा १४९ क्रमांकाच्या खणात असतो. ऑल्ट दाबून ०१४९ मारलं की येतो. मराठी फॉन्टमध्ये त्या खणात गोळा असेलच याची खात्री नाही, एखादं जोडाक्षर किंवा अर्धं अक्षर तिथे बसलेलं असायचं. तेव्हा लोक विंगडिंग्ज नावाच्या चिन्हांच्या फॉन्टकडे वळले. त्यात लहान 'एल' दाबला की भरीव गोळा येतो आणि 'एन' दाबला की भरीव चौकोन. हे फार छान चालायचं, कुणीतरी पूर्ण पान निवडून फॉन्ट बदलेपर्यंत. बदलला की सगळे गोळे एका क्षणात 'एल'च्या खणातला मराठी तुकडा होऊन बसायचे. प्रत्येक मुद्द्याच्या आधी तेच एक निरर्थक अक्षर, ओळीने. अशी पानं मी रात्री अकराला छापखान्यात जाण्याच्या बेतात असताना पकडली आहेत, आणि काही पकडता आली नाहीत.

पुढे युनिकोड स्थिरावलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरीची मांडणी भारतीय इस्की प्रमाणावर बेतलेली. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी रेखलेला 'मंगल' फॉन्ट घरोघरी आला. आता 'क' हा खरोखर क होता, एखाद्या इंग्रजी खणात लपलेला नव्हता. शोधता येऊ लागलं, फोनवर पाठवता येऊ लागलं. गोळ्याला स्वतःचं कायमचं स्थान मिळालं. या सगळ्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण क्रमांकांच्या बाबतीत आपण एक पाऊल मागे गेलो. यंत्राने टाकलेला इंग्रजी एक आता इंग्रजीच दिसू लागला, कारण फॉन्ट प्रामाणिक झाला होता. मराठी मजकुराआधी इंग्रजी आकडे, मराठी मथळ्यात हाताने टाकलेले मराठी आकडे, अशी मिसळ आजही सरकारी कागदांपासून दिवाळी अंकांपर्यंत दिसते.

यावर सोय नाही असं नाही. वर्डमध्ये यादीच्या क्रमांकासाठी देवनागरीचे पर्याय आहेत. आकडे आहेत, स्वर आहेत, व्यंजनं आहेत. नीट पाहिलं तर त्यांची नावं 'हिंदी' अशी आहेत. अ, आ, इ मिळतं. क, ख, ग मिळतं. अ, ब, क मिळत नाही. ते कुणाच्याच वर्णमालेत नाही, तेव्हा करणाऱ्यांना दोष तरी काय देणार. मराठीत ज्या रांगेवर तुकड्या, नोकऱ्या आणि आरक्षणं चालतात ती यंत्राला सांगायला एकच रस्ता उरतो, पूर्वीचाच: हाताने लिहा.

गोळा आणि आकडा एकत्र हवा असेल तर त्यालाही वाट आहे. इनडिझाइनमध्ये बुलेट आणि नंबर ही सोय आली तीही पेजमेकर सोडून येणाऱ्यांच्या आग्रहाने. २००४ मध्ये त्यांच्यासाठी काढलेल्या एका पुरवणी संचातून, आणि पुढच्याच आवृत्तीत ती मुख्य सॉफ्टवेअरमध्ये मुरली. यादीचा प्रकार नंबर निवडायचा आणि क्रमांकाच्या चौकटीत जिथे आकड्याची खूण असते तिच्या आधी गोळा टंकायचा. यंत्राच्या दृष्टीने तो आकड्याच्या पोशाखाचा भाग, जसा आकड्यानंतरचा टिंब किंवा कंस. वर्डच्या बहुस्तरीय यादीतही हेच करता येतं. फक्त गोळ्याला आणि आकड्याला वेगळा रंग द्यायला गेलात तर जमत नाही. दोघांची शैली एकच. भावाला काळाच हवा होता.

तर मी कारेगावचा कागद केला. वर्डमध्ये, युनिकोडमध्ये, नीट शैली लावून. गोळा, आकडा, ठळक मथळा. नियम पाचमध्ये तीन पोटनियम होते. जुन्या कागदावर ते (अ), (ब), (क) होते, त्या दुकानातल्या मुलाने हाताने टाकलेले: (अ) भाडं महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यावं, (ब) मुक्कामी पाहुणा असेल तर कळवावं, (क) खोलीत विजेची शेगडी वापरू नये. मी शहाणपणा केला. हाताने लिहिलेली अक्षरं म्हणजे कच्चं काम, असं शिकलेली मी. ती खोडून यंत्राची यादी लावली. अ, आ, इ विचित्र दिसत होतं. क, ख, ग भारदस्त दिसलं, राज्यघटनेसारखं. ठेवलं.

शेवटचा नियम आठवा. तो मी जसाच्या तसा टंकला होता: नियम ५ (क) चा भंग झाल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही.

आठ खोल्यांचं वायरिंग जुनं आहे. एकदा शेगडीने बोर्ड जळला होता, म्हणून ती अट. नव्या कागदात मात्र क म्हणजे भाडं.

चार महिन्यांनी गोरखपूरकडचा एक मुलगा खोली सोडून चाकणला गेला. कंत्राटावर होता, कंपनीने ब्रेक दिला होता, शेवटचं भाडं बारा दिवस उशिरा दिलं. खोल्यांची देखरेख करणाऱ्या पोराने कागद वाचून दाखवला आणि तीन हजार रुपये अनामत ठेवून घेतली. तो मुलगा भांडला नाही. त्यानेही कागद वाचला होता. त्याच्या लहानपणापासून क म्हणजे पहिलंच, आणि पहिली अट त्याने मोडली होती. कागद दोघांनीही अचूक वाचला.

मला हे कळलं ते दिवाळीत, भाऊ सहज हिशेब सांगत होता तेव्हा. "शेगडी वापरत होता का तो?" मी विचारलं. "नाही, भाडं थकलं ना," तो म्हणाला, आणि मग थांबला. त्याने कधी उशिराच्या भाड्यासाठी अनामत ठेवलेली नव्हती. कागद आणून समोर ठेवला. दोघांनी पाहिला. तो मला काही बोलला नाही; बोलला असता तर बरं झालं असतं.

नंबर शोधायला दोन दिवस गेले, शेजारच्या खोलीतल्या एकाकडे निघाला. वीजबिल कापून बाकीचे पैसे फोनवरून पाठवले. पलीकडून फक्त 'मिल गया भैया' आलं.

नव्या कागदात आठव्या नियमात आता अक्षर नाही. तिथे सरळ लिहिलं आहे: खोलीत विजेची शेगडी वापरल्यास अनामत परत मिळणार नाही. त्याच्याखाली हीच ओळ हिंदीत. पोटनियमांना (अ), (ब), (क), माझ्या हाताने. गोळा आणि आकडा जसेच्या तसे आहेत. भावाच्या सांगण्यावरून गोळा थोडा मोठा केला.